जुन्या घरातला बंब काढताना: सोलर, गॅस की विजेचा गिझर?

सोलापुरात तापवायचं ते अंघोळीचं पाणी. खोल्या आपोआप तापतात. बंब निकामी झाला की लोक आधी किंमत विचारतात. जुन्या घरात आधी छत, वायरिंग आणि पाणी किती दिवसांआड येतं ते बघावं.

ऊन भरपूर, म्हणून सोलरकडे ओढा असतो. पण २०० लिटरचा सोलर भरल्यावर अडीचशे किलोंच्या पुढे जातो. शिवाय गार पाण्याची टाकी त्याच्याहून उंच लागते, म्हणजे ५०० लिटरची टाकी धरली तर आणखी अर्धा टन. माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छतावर, हे बसवूच नका. तुळया वाकतात, माती फुटते आणि पहिल्याच पावसात गळती लागते. स्लॅब असेल तरी स्टँडचे पाय भिंतीच्या रेषेवर घ्या. दुसरा घोटाळा पाण्याचा. टाकी रिकामी राहिली की सोलरच्या काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या तापतात. भर दुपारी गार पाणी सोडलं की तडकतात. म्हणून पाणी अंधार पडल्यावर किंवा पहाटेच सोडावं. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साठतात, तेव्हा वर्षाकाठी सफाई धरून चाला. खाली येणारा पाइप सीपीव्हीसीचा हवा. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो.

गॅस गिझर छतावर भार टाकत नाही, पाणीही लगेच देतो. मात्र बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, जीव जातो. मोरी घरातल्या मोकळ्या चौकाला लागून असेल तर गिझर बाहेर भिंतीवर लावा, नाहीतर विसरा. टाकी नळापेक्षा जेमतेम सात-आठ फूट उंच असेल तर दाब कमी पडून बरेचदा बर्नर पेटतच नाही.

माळवदाच्या घराला आमचं मत १५ लिटरच्या विजेच्या गिझरला. २ किलोवॉटचा घेतलात तर २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण वीस मिनिटं आणि पाऊण युनिटपेक्षा कमी वीज लागते. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगवर तो जोडू नका. मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. हा खर्च गिझरच्या किमतीतच धरा. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवला तर क्षार कमी धरतो. आतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी बघा. तो झिजून संपला की टाकी गंजते. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात, तो बिघाड समजून तिथे बूच मारू नका.