दगडी घरातले नेटवर्क आणि जेलीफिन: तीन ऋतूंच्या वापरानंतर

जेलीफिन हे आपल्याकडचे चित्रपट आणि संगीत टीव्ही-फोनवर पोहोचवणारे, घरच्या सर्व्हरवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर आम्ही गेल्या हिवाळ्यात बसवले. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू घरातल्या सर्वांनी ते वापरले असल्याने आता त्याविषयी सविस्तर लिहिता येईल. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. सॉफ्टवेअर उत्तम आहे, परंतु अशी व्यवस्था रोजच्या वापरात टिकते की नाही हे सर्व्हरपेक्षा घरातल्या केबलवर आणि फायलींना दिलेल्या नावांवर अधिक अवलंबून असते. म्हणून पुढच्या लेखनात या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे. वालुकाश्माच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, दगडी पट्ट्यांची छते, मधोमध चौक आणि वर दोन मजले अशी त्याची जुनी रचना आहे. इंटरनेटचे फायबर तळमजल्यावरच्या दर्शनी खोलीत येते आणि कंपनीचा राउटर तिथेच बसवलेला आहे. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय अशा एका भिंतीपलीकडे क्षीण होते आणि दोन भिंतींपलीकडे जवळजवळ नाहीसे होते. २.४ गिगाहर्ट्झचे तरंग अधिक आत पोहोचतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि बाजाराला लागून असलेल्या वस्तीत प्रत्येक दुकानाचा राउटर त्यांपैकीच एकावर बोलत असतो. त्यामुळे माजघरातल्या टीव्हीवर चित्र अडखळत असेल, तर त्याचा दोष सर्व्हरला देण्यात अर्थ नसतो.

वाय-फायची मर्यादा वाढवणारे छोटे उपकरण हा दुकानदार सर्वांत आधी सुचवतो तो उपाय. मात्र एकच रेडिओ असलेले असे उपकरण त्याच चॅनेलवर ऐकते आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलते, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. आम्ही त्याऐवजी चौकाच्या कडेने कॅट-६ केबल वर नेली, तळमजल्यावर केबली एकत्र जोडणारा एक गिगाबिट स्विच ठेवला आणि प्रत्येक मजल्यावर केबलने जोडलेला, वाय-फाय पसरवणारा एकेक ॲक्सेस पॉइंट बसवला. सर्वांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिल्यामुळे फोन हातात घेऊन जिना चढताना जोडणी आपोआप जवळच्या पॉइंटकडे जाते. ज्यांच्याकडे अशा भिंती आहेत, त्यांनी खर्चाचा पहिला वाटा या कामासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

केबल विकत घेताना ती पूर्ण तांब्याची आहे याची खात्री करून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात सर्रास मिळते आणि बाहेरून ती सारखीच दिसते. तशी केबल हाताळताना लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एखादी जोडी सैल असेल तर जोडणी बंद न पडता गुपचूप १०० वर उतरते आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही. केबल ओढून झाल्यावर स्विचवरचा दिवा किंवा संगणकातला जोडणीचा वेग पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि कारागीर घरात असतानाच ते करून घ्यावे. याच संदर्भात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पुष्कळशा स्मार्ट टीव्हींमधला केबलचा पोर्ट मुळात १०० मेगाबिटचाच असतो. डीव्हीडी किंवा साध्या एचडी चित्रपटाला तो भरपूर आहे. मात्र ४के ब्लू-रेच्या मूळ फाइलचा प्रवाह काही दृश्यांत १०० मेगाबिटच्या वर जातो आणि अशा वेळी त्याच खोलीतल्या ॲक्सेस पॉइंटचे ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय टीव्हीच्या केबलपेक्षा सरस ठरते.

आता सर्व्हरकडे वळते. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा एक छोटा संगणक, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि चित्रफिती व संगीतासाठी ४ टेराबाइटची हार्ड डिस्क एवढीच आमची सामग्री आहे. या प्रोसेसरला चार कोअर आहेत आणि त्याची उष्णतामर्यादा ६ वॉटची आहे. डिस्कसह सारे मिळून सरासरी १५ वॉट धरले, तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला सुमारे ११ युनिट वीज लागते. राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर आहेत, सर्व्हरही तिथेच आहे, आणि वीज गेली तरी घरातले नेटवर्क बंद पडत नाही.

जेलीफिनचा जन्म २०१८ च्या डिसेंबरमध्ये झाला. एंबी या अशाच कामाच्या सॉफ्टवेअरने आपला स्रोत खुला ठेवणे थांबवले, तेव्हा त्याच्या ३.५.२ या आवृत्तीपासून काही जणांनी स्वतंत्र शाखा काढली आणि ती आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. याचा व्यावहारिक लाभ असा, की प्रोसेसरमधल्या चित्र-यंत्रणेकडून रूपांतर करून घेण्याची सोय येथे विनामूल्य आहे, तर प्लेक्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच सोय सशुल्क सदस्यत्वात मोडते. रूपांतर केव्हा लागते हे समजून घेतले, की अर्ध्या अडचणी सुटतात. टीव्हीला फाइलची पद्धत वाचता येत असेल, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो आणि प्रोसेसरवर भार जवळजवळ पडत नाही. वाचता येत नसेल, तर प्रत्येक चौकट उलगडून नव्याने बांधावी लागते. उपशीर्षके हे याचे अनपेक्षित कारण ठरते. मजकूररूपातली उपशीर्षके वेगळी पाठवता येतात, परंतु डीव्हीडीतली उपशीर्षके चित्ररूपात असल्यामुळे ज्या उपकरणाला ती दाखवता येत नाहीत, त्याच्यासाठी सर्व्हरला ती चित्रावर छापूनच पाठवावी लागतात. एन१०० हे काम सहज पेलतो. अट एवढीच, की डेबियनवर जेलीफिनच्या खात्याला रेंडर गटाचे (चित्र-यंत्रणा वापरण्याच्या परवानगीचे) सदस्यत्व दिलेले असावे आणि सेटिंगमध्ये क्विक सिंक ही इंटेलची रूपांतराची सोय निवडलेली असावी. देवनागरी उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट सर्व्हरवर ठेवून पर्यायी फॉन्टचे फोल्डर जेलीफिनला दाखवावे.

चित्रपट आणि मुंजी-लग्नांच्या जुन्या चित्रफिती या विभागाबद्दल फारसे लिहीत नाही, कारण तिथे सारे सुरळीत आहे. नाव आणि कंसात वर्ष अशी फाइल ठेवली, की चित्रपटाची माहिती आपोआप येते, आणि घरगुती चित्रफितींसाठी वेगळा विभाग केला, की त्यांना भलतीच पोस्टर चिकटत नाहीत.

संगीताचा विभाग मात्र आमच्यासाठी या साऱ्या खटाटोपाचे मूळ कारण आहे. सासऱ्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट घरात होत्या: आकाशवाणीवरून टिपलेल्या मैफली, तानसेन समारोहाच्या प्रसारणांची ध्वनिमुद्रणे, आणि आमच्याच चौकात झालेल्या बैठका. ज्या शहरात पंडित कृष्णराव शंकर पंडितांसारखे गायक १९८९ पर्यंत हयात होते आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरातल्या अनेक मराठी घरांत असा ठेवा असणार, आणि फितीवरचे लोहचूर्ण दरवर्षी थोडे थोडे झडत असणार. आम्ही त्या कॅसेट संगणकावर घेतल्या आणि फ्लॅक पद्धतीने साठवल्या. सीडीच्या दर्जाचा मूळ प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. फ्लॅकमध्ये एकही नमुना न गमावता तो बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. इतकी जागा आज स्वस्त आहे, म्हणून या ठेव्यासाठी एमपी३ वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

जेलीफिनची खरी उणीव इथेच जाणवते. त्याची संगीताची मांडणी कलाकार, अल्बम आणि गाणे या तीन पायऱ्यांची आहे. आपल्याला हवा असतो राग, बंदिश, ताल, लय, साथीदार आणि मैफलीचे ठिकाण. आम्ही ठरवलेली पद्धत अशी: एक मैफल म्हणजे एक अल्बम, मुख्य गायक म्हणजे अल्बमचा कलाकार, बंदिशीचा मुखडा आणि ताल म्हणजे गाण्याचे नाव, आणि संगीतप्रकाराच्या रकान्यात रागाचे नाव. हा शेवटचा उपाय सर्वांत उपयोगी ठरला, कारण जेलीफिनला प्रकारानुसार यादी दाखवता येते. सकाळी भैरव किंवा देशकार ऐकायचा असेल, तर त्या नावावर बोट ठेवताच वेगवेगळ्या दशकांतले, वेगवेगळ्या गळ्यांतले ते राग एकत्र समोर येतात. हे रकाने भरण्यासाठी म्युझिकब्रेन्झ या संगीतकोशाचे पिकार्ड हे साधन चांगले आहे. घरगुती ध्वनिमुद्रणे त्याच्या कोशात सापडत नाहीत, पण हाताने भरायला त्याचा पडदा सोयीचा आहे. गायकाचे नाव प्रत्येक फाइलीत एकाच लेखनाने लिहिणे अत्यावश्यक आहे, ‘पं.’ आणि ‘पंडित’ असा एवढासा फरक झाला, तरी जेलीफिन त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती मानतो.

दुसरी उणीव अशी, की चित्रपट जिथे थांबवला तिथून पुढे सुरू होतो, पण संगीत विभागातला तासाभराचा ख्याल मध्येच सोडला, तर पुन्हा आरंभापासून लागतो. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपत असल्याने मूळ मुद्रणातच विलंबित जिथे तुटलेले आहे, तिथे आम्ही ते जोडले नाही आणि दोन बाजू दोन भाग म्हणून ठेवल्या. टीव्हीवरच्या ॲपमध्ये संगीताचा पडदा गरीब आहे. फोनवर फिनॅम्प हे स्वतंत्र ॲप त्यापेक्षा पुष्कळ बरे आहे आणि त्यात मैफल उतरवून घेऊन प्रवासातही ऐकता येते. सासऱ्यांसाठी त्यांच्या खोलीत एक टॅब्लेट ठेवला आहे. तो केवळ संगीत विभागच दाखवतो, कारण जेलीफिनमध्ये प्रत्येक खात्याला कोणते विभाग दिसावेत हे ठरवता येते. ही सोय मला अतिशय आवडते.

घराबाहेरून ऐकण्याचा प्रश्न वेगळा आहे. आमची सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते, त्यामुळे राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडून काहीच साधत नाही. ते साधत असते तरी जेलीफिनचा ८०९६ हा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा टाकणे सुरक्षित नव्हते. आम्ही टेलस्केल हे आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणारे साधन वापरतो. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर उभारलेले आहे, आणि वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. इंदूरला राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या फोनवर ते एकदा बसवून दिले, आणि तेव्हापासून त्या वडिलांचे संग्रह आपल्या घरातून ऐकतात. फ्लॅकच्या प्रवाहाला सेकंदाला साधारण एक मेगाबिट पुरतो, म्हणून फायबरच्या साध्या योजनेतही अडथळा येत नाही.

उन्हाळ्याबद्दल लिहायलाच हवे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि साध्या हार्ड डिस्कसाठी कंपन्या साधारणपणे ६० अंशांची मर्यादा देतात. पोटमाळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेली डिस्क दुपारी त्या रेषेजवळ पोहोचू शकते. तळमजल्याच्या आतल्या, जाड भिंतींच्या खोलीत, जमिनीपासून थोडी वर, धूळ झाडता येईल अशी मोकळी जागा आम्ही तिला दिली आणि तापमान डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ नोंदींवरून पाहत राहिलो. ज्या भिंतींनी वाय-फाय अडवले, त्यांनीच डिस्क थंड राखली.

जेलीफिनची नवी आवृत्ती आली, की ती लगेच चढवू नये. मोठ्या बदलांत डेटाबेसची रचना पालटते आणि जुन्या आवृत्तीकडे तसेच परतता येत नाही, म्हणून आधी त्याच्या फोल्डरची प्रत काढावी. मूळ संग्रहाच्या प्रतींबाबत तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम आम्ही पाळतो. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी कपाटातल्या ऑप्टिकल डिस्कवर आणि तिसरी इंदूरला नणंदेकडच्या हार्ड डिस्कवर असते. राखीपौर्णिमेला त्या माहेरी येताना ती डिस्क बरोबर आणतात, नवी मुद्रणे तीवर चढवली जातात आणि प्रत्येक फाइल उघडते का हे तपासूनच ती परत जाते. यंदाची उरलेली ध्वनिमुद्रणे भाऊबीजेला माझे यजमान इंदूरला जातील तेव्हा तिकडे पोहोचतील.