काजव्यांच्या जंगलाचा खोटा परवाना

जूनच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमची गाडी भंडारदऱ्याला शेंडी गावाच्या पुढे वनखात्याच्या नाक्यावर थांबली. घरून छापून आणलेला परवाना मी काचेतून पुढे केला. वनरक्षकानं तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि हळूच विचारलं, "ताई, हा कुणी दिला तुम्हाला?"

गाडीत आम्ही सात जण होतो. सासूबाई, नणंद, तिची दोन मुलं, आमची मुलगी आणि आम्ही दोघं. ठाण्याहून दुपारी निघून कसारा घाटातल्या गर्दीतून, घोटीवरून आलो होतो. मुलं महिनाभर काजव्यांबद्दलच बोलत होती.

हे सुरू झालं एका जाहिरातीपासून. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर ती कुणीतरी पुढे पाठवली होती. 'अभयारण्याच्या आत, वनखात्याच्या खास परवानगीनं काजवा कॅम्प. रात्रीचा मुक्काम तंबूत. परवाने मर्यादित.' मी फोन केला. माणूस अतिशय नम्र होता. म्हणाला, "ताई, बाकीचे लोक रस्त्यावरून बघून परत जातात. आपल्याकडे कोअर झोनची परवानगी आहे. रात्री आत राहायला मिळतं." माणशी 1,800 रुपये कॅम्पचे आणि 400 रुपये 'फॉरेस्ट परमिट'चे. परमिटचे पैसे वेगळे मागितले, म्हणून मला तो जास्तच खरा वाटला. सरकारी फी वेगळी दाखवतोय म्हणजे माणूस सरळ आहे, असा मी अर्थ लावला. सात जणांचे 15,400 भरले. निघायच्या दिवशी सकाळी 'गाडीचा रात्रीचा पास' म्हणून आणखी 1,000 मागितले, तेही भरले. दुपारी मोबाइलवर परवाना आला. त्यावर तीन सिंहांची राजमुद्रा, गोल शिक्का, सही, आमच्या सगळ्यांची नावं आणि आधारचे शेवटचे चार आकडे होते.

वनरक्षकानं तो कागद मला समजावून सांगितला. मागे गाड्यांची रांग लागली होती, तरी त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि वेळ दिला. कागदावर उपवनसंरक्षक, अहमदनगर अशी सही होती. पण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जिल्ह्यानं नगरमध्ये (आताच्या अहिल्यानगरमध्ये) असलं तरी चालतं ते नाशिकच्या वन्यजीव विभागाकडून. इथली परिक्षेत्र कार्यालयं, म्हणजे वनखात्याची स्थानिक कार्यालयं, भंडारदरा आणि राजूरची. दुसरं म्हणजे 'कोअर झोन'. हे शब्द व्याघ्र प्रकल्पातले. ताडोबाला, मेळघाटला कोअर म्हणजे आतला गाभा आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा असतो. इथे 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, सुमारे 361 चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पोटात रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई अशी नांदती गावं आहेत. तिसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला सगळ्यात जास्त लागली. "आत यायला कुणाच्या ओळखीची गरज नाही, ताई. नाक्यावर पावती फाडायची आणि यायचं. राहायचं ते गावात, कुणाच्या घरी नाहीतर मालकीच्या शेतात. जंगलात तंबू ठोकून राहायची परवानगी अशी विकत मिळत नाही."

म्हणजे ज्याचे आम्ही पैसे मोजले, त्यातलं निम्मं आधीच सगळ्यांसाठी खुलं होतं आणि उरलेलं कुणालाच विकता येण्यासारखं नव्हतं. नाक्यावर माणसांची आणि गाडीची मिळून जी पावती झाली, ती रक्कम आम्ही भरलेल्या पैशांच्या पासंगालाही पुरली नसती.

त्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदा वाजला, नंतर बंद. त्यानं केलेल्या कॅम्पच्या ग्रुपमधून आम्हाला काढून टाकलेलं होतं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मला रडू आवरेना. पैशांचं दुःख होतंच, पण मुलांच्या आणि नणंदेच्या आधारचे फोटो मी स्वतःच्या हातानं त्या माणसाला पाठवले होते.

परत फिरायचं ठरत होतं. तेवढ्यात वनरक्षकानं जवळच्या गावातल्या एका घरी फोन केला. महादेव कोळी कुटुंब होतं. ओसरीवर अंथरुणं टाकून दिली, नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. रात्री नऊनंतर घरातला मुलगा आम्हाला गावाबाहेर घेऊन गेला. टॉर्च लावू दिला नाही, मोबाइल खिशात ठेवायला लावले. काजव्याचा नर चमकून मादीला खुणावतो, ती तिच्या प्रकाशानं उत्तर देते, आणि मध्येच आपला झगझगीत उजेड पडला की तो संवाद तुटतो. त्यांचं उडणारं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, मेअखेरीपासून पाऊस धरेपर्यंतचं. हे सगळं त्यानंच सांगितलं. एका हिरड्याच्या झाडापुढे आम्ही उभे राहिलो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड एकदम उजळायचं आणि एकदम विझायचं. माझी मुलगी माझा हात घट्ट धरून उभी होती. तिथे त्या रात्री पोचलेल्या प्रत्येकाला ते झाड सारखंच दिसत होतं.

रात्रीच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, सकाळी सरकारी सायबर पोर्टलवर कागद जोडले. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे वाटेतच गोठवता येतात. आमचे 15,400 आठवडाभर आधीच गेले होते. सकाळचे 1,000 मात्र एका खात्यात अडकलेले सापडले, ते अजून परत आलेले नाहीत. बँकेच्या माणसानं आणखी एक गोष्ट दाखवली. पैसे भरताना पडद्यावर जे नाव आलं होतं, ते त्या आयोजकाचंही नव्हतं आणि कुठल्या कार्यालयाचंही नव्हतं. एका तिसऱ्याच माणसाचं होतं. ते नाव मी वाचलं होतं, आणि वाचूनही पुढे गेले होते. सरकारी शुल्क म्हणून कुणी पैसे मागत असेल आणि पडद्यावर खासगी माणसाचं नाव येत असेल, तर तिथेच थांबा. नाक्यावरच्या पावतीवर छापील क्रमांक असतो आणि कुणाकडून ती फाडली ते लिहिलेलं असतं. परवान्याची शंका आली तर कागदावरच्या नंबरवर फोन करू नका. वनखात्याच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधा आणि परिक्षेत्राचं नाव सांगून विचारा.

या फसवणुकीचा दुसरा फटका मी पाचनईला पाहिला. ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडाला गेलो, तेव्हा पायथ्याशी एका तरुणानं गावच्या समितीची पावती पुढे केली. मी त्याच्यावर आवाज चढवला, पुरावा मागितला. तो काही न बोलता आत गेला, समितीचा ठराव आणि शिक्का असलेली वही घेऊन आला. वाटा साफ ठेवणं, कचरा खाली आणणं, पावसात वाट चुकलेल्यांना शोधायला जाणं, हे सगळं गावातली हीच मुलं करतात. मी त्याची माफी मागितली. खोट्या परवान्यांचा पैसा शहरातल्या कुणाच्यातरी खात्यात जातो, आणि संशय मात्र यांच्या वाट्याला येतो.

अभयारण्याच्या आत कायदा काय म्हणतो, तेही त्या रात्रीनंतर वाचलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये अभयारण्यातला प्रवेश कलम 27 आणि 28 खाली येतो. पर्यटनासाठी परवानगी देता येते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. कलम 30 नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग लावण्याला बंदी आहे. आमच्या जाहिरातीत 'शेकोटी आणि बार्बेक्यू' ठळक अक्षरात होतं. तो कॅम्प खरा असता, तर गुन्हा आमच्यावरही नोंदला जाऊ शकला असता.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर, घाटवाटांवर बंदीचे आदेश काढतात. त्याच दिवसांत 'आमच्याकडे स्पेशल परवानगी आहे' असे निरोप फिरू लागतात. मागच्या आठवड्यात मला एक आला. सांधण दरीत रात्रीचा मुक्काम, 'कोअर झोन परमिट'सह, माणशी 400 वेगळे. नंबर नवा आहे, आयोजकाचं नाव नवं आहे. चित्र तेच आहे, आणि 'अभयारण्य' हा शब्द त्यात आमच्या परवान्यावर होता तसाच 'अभयारण' असा चुकीचा छापलेला आहे. मी तो तक्रारीला जोडला आहे.