पॅकेजिंगचा वास तपासणारं ई-नोज मशीन, वापरून काय वाटलं

आमच्या पॅकेजिंगच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये टेबलावर ठेवायचं ई-नोज, म्हणजे सेन्सरने वास टिपणारं इलेक्ट्रॉनिक नाक, आलंय आणि आता बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून लिहितेय, कारण डेमोला येणारे लोक दोन-चार बाटल्या लावून स्क्रीनवर रंगीत ठिपके दाखवतात आणि घेणाऱ्याला वाटतं की वासाचं टेन्शनच संपलं. तसं होत नाही. पण मशीन कामाचं आहे हे नक्की.

आत १० मेटल ऑक्साइड सेन्सर आहेत. टिन ऑक्साइडचा थर साधारण २०० ते ४०० डिग्रीला तापलेला असतो, त्याच्यावर हवेतला ऑक्सिजन चिकटलेला असतो, सॉल्व्हेंटची (शाई, गोंद पातळ करायला वापरतात त्या द्रवाची) वाफ आली की ती त्या ऑक्सिजनशी रिॲक्ट होते आणि रेझिस्टन्स पडतो. एकटा सेन्सर कुठलाच वास धड ओळखत नाही, दहाही मिळून जो पॅटर्न येतो तो ओळखायचा. आयडिया जुनीच आहे, पर्सॉड आणि डॉड यांनी १९८२ मध्ये मांडलेली.

सगळ्यात जास्त उपयोग कुठे झाला तर प्रिंटिंग आणि लॅमिनेशननंतर फिल्ममध्ये राहिलेलं सॉल्व्हेंट पकडायला. रोलचे वरचे वेढे काढून टाकायचे (तिथलं सॉल्व्हेंट आधीच उडून गेलेलं असतं), आतली पट्टी कापून लगेच व्हायलमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) टाकून झाकण घट्ट करायचं, गरम करायचं, की वरची हवा मशीन ओढून घेतं. एकदा ड्रायरचं तापमान कमी पडलेला लॉट आला, हातात घेऊन हुंगला तर फार काही जाणवत नव्हतं, पण स्क्रीनवर त्याचा ठिपका चांगल्या लॉटच्या घोळक्यापासून पार लांब जाऊन पडला. रोल तिथेच थांबवले, मग जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, वाफेतले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) टाकलं तर इथाइल ॲसिटेट हे सॉल्व्हेंट जास्त निघालं. दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम ते जीसीच सांगतो, पण प्रत्येक रोल जीसीवर टाकत बसणं कुणालाच शक्य नसतं आणि हे मशीन काही मिनिटांत चाळणी लावून देतं.

आता मुख्य मुद्दा. मशीन सांगतं "हे वेगळं आहे", "हे वाईट आहे" असं सांगत नाही. शाईतलं सॉल्व्हेंट बदललं की ते लाल दाखवतं, पॅनेलवाल्यांना (वास-चव तपासणाऱ्या आमच्या माणसांना) मात्र काहीच वास येत नाही. उलटही होतं. ओलसर पुठ्ठ्याला किंवा लाकडी पॅलेटला जो कुबट वास येतो त्यामागे बरेचदा ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं रसायन असतं, पाण्यात लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाला ते कळतं, आणि आमचं मशीन अशा पुठ्ठ्याला आरामात हिरवा सिग्नल देतं! म्हणून रॉबिन्सन टेस्ट आम्ही बंद केलेली नाही, म्हणजे पॅकेजिंगचा तुकडा आणि चॉकलेट एकाच बंद बरणीत ठेवायचं आणि नंतर ते चॉकलेट पॅनेलने चाखून ० ते ४ मार्क द्यायचे. पॅनेलची नाकं मात्र थोड्याच सॅम्पलनंतर थकतात, मशीन थकत नाही, त्यामुळे आधी मशीन आणि संशय आला की पॅनेल असं आम्ही बसवलंय आणि ते छान चाललंय.

त्रास सगळ्यात जास्त दमट हवेचा. बाहेर दमट असलं की तोच चांगला रोल वेगळा दिसायला लागतो, म्हणून रोज मशीन नीट तापू द्या, कोरड्या फिल्टर केलेल्या हवेने बेसलाइन (तुलनेसाठी सुरुवातीचं रीडिंग) घ्या आणि ओळखीचं स्टँडर्ड सॅम्पल चालवल्याशिवाय खरं काम सुरूच करू नका, यात कंटाळा केला तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही. आणि सिलिकॉन स्प्रे! सीलिंग मशीनवर सर्रास मारतात, त्याची वाफ या सेन्सरना कायमचं मारून टाकते, मॅन्युअलमध्ये ही गोष्ट कुठेतरी शेवटी बारीक अक्षरात आहे, खरं तर पहिल्या पानावर पाहिजे होती. लॅबच्या आसपास तो स्प्रे येऊच देऊ नका.

सॉफ्टवेअर ठीकठाक. ट्रेनिंगसाठी चांगल्या लॉटचे सॅम्पल भरपूर लागतात, वेगवेगळ्या दिवसांचे, ते जमवायची तयारी नसेल तर मशीन शोभेला राहील.

५ पैकी ४ स्टार. घ्यायचं असेल तर डेमोला आपलेच रोल घेऊन जा, एक चांगला आणि एक सॉल्व्हेंट राहिलेला, आणि शक्यतो दमट दिवशीच जा. सील गळतंय का किंवा पाकिटात ऑक्सिजन किती हे बघायचं असेल तर हे घेऊ नका, त्याचं मशीन वेगळं येतं.