फ्यूम हूड: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहा फुटी फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारे, समोर सरकती काच असलेले कपाट) बसवून आठ महिने झाले. हवा ओढणारा ब्लोअर गच्चीवर असल्यामुळे डक्टमध्ये, म्हणजे हूडपासून वर जाणाऱ्या हवेच्या नळीत, हवेचा दाब कमी राहतो, आणि एखादा सांधा सैल पडला तरी वाफा खोलीत न गळता खोलीतलीच हवा आत ओढली जाते; ही रचना मला मनापासून पटली.

पहिले दोन महिने ब्लोअरचा आवाज येतो एवढ्यावरच मी समाधानी होतो. तिसऱ्या महिन्यात तांब्यावर संहत नायट्रिक आम्ल घातल्यावर सुटलेला नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर सरकत्या काचेच्या खालच्या कडेपाशी घुटमळून माझ्याच दिशेने बाहेर येताना दिसला. ब्लोअर सुरळीत चालू होता. दोष हूडसमोरच्या छताच्या पंख्याचा होता. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी वेगाने आत जाते, आणि पंख्याचा झोत तिला सहज उलटवतो. पंखा बंद करताच धूर आत वळला. हा वायू रंगीत होता म्हणून कळले. क्लोरोफॉर्मची वाफ असती तर काहीच दिसले नसते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तो पंखा आम्ही कायमचा काढून टाकला.

पावसाळ्यात खिडक्या बंद झाल्या आणि दुसरी अडचण समोर आली. काच ४५ सेंटीमीटर उघडी असताना हा हूड तासाला सुमारे १२०० घनमीटर हवा बाहेर टाकतो. तेवढी हवा खोलीत कुठून तरी यायला हवी. ती येईना, तेव्हा व्हरांड्याकडे उघडणारे दार ढकलायला जड जाऊ लागले आणि ॲनिमोमीटरवर (हवेचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर) तोंडाशी येणारा वेग सेकंदाला ०.३ मीटरपर्यंत उतरला. दाराच्या खालच्या भागात जाळी बसवल्यावर तो पूर्ववत झाला.

आत मागच्या बाजूला हवा ओढून घेणाऱ्या फटींसमोर बाटल्या साठवणे आम्ही थांबवले आहे आणि प्रयोगाची मांडणी काचेपासून १५ सेंटीमीटर आत ठेवतो. परक्लोरिक आम्ल मात्र यात तापवत नाही, कारण त्यासाठी पाण्याने धुता येणारा वेगळा हूड लागतो.

हूडवरच सतत वेग दाखवणारा मापक पुरवठादाराने दिला नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. तो मिळेपर्यंत काचेच्या कडेला टिश्यू कागदाची पट्टी चिकटवली आहे. ती आत झुकलेली दिसल्याशिवाय कोणीही बाटलीचे बूच उघडत नाही. नवीन हूड घेणाऱ्यांनी बिल चुकते करण्यापूर्वी, रोजचे पंखे चालू आणि खिडक्या बंद ठेवून, हवेचा वेग आपल्याच खोलीत मोजून मागावा.