सीट नसलेली २० इंची ट्रायल्स सायकल, सहा महिने वापरल्यावर

सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. एंट्री लेव्हलची ट्रायल्स सायकल आहे, पुढचं चाक २० इंची आणि मागचं १९ इंची पण जाड टायरवालं, गिअर नाहीत, सस्पेन्शन नाही आणि सीट तर नाहीच, फ्रेमच इतकी खाली वाकलेली की सीट लावायला जागाच ठेवलेली नाहीये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या वर्गातल्या सायकली बऱ्यापैकी सारख्या असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं. माझं मत असं की सायकल चांगली आहे, शिकायला घ्याच, पण बॉक्समधून जशी निघते तशी चालवू नका आणि मागचा ब्रेक पक्का धरत नाही तोवर मागच्या चाकावर उभं राहायचा प्रयत्नसुद्धा करू नका. माझे पहिले पाच-सहा आठवडे त्या एका ब्रेकपायी गेलेत म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी, ट्रायल्स म्हणजे पाय खाली न टेकवता दगड, ओंडके, पॅलेट असल्या अडथळ्यांवरून सायकल न्यायची, वेगाला काही किंमत नाही, सगळा खेळ तोलाचा. मोटरसायकल ट्रायल्समधून हे आलंय, आणि सायकलवाल्यांच्या यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) जागतिक स्पर्धा १९८६ पासून होतायत, त्यात २० इंची आणि २६ इंची असे वेगळे गट असतात. व्हिडिओंमुळे प्रसिद्ध झालेला स्कॉटिश रायडर डॅनी मॅकॅस्किल जी चालवतो ती २४ इंचीवाली स्ट्रीट ट्रायल्स, तिला सीट असते आणि ती थोडीफार नेहमीच्या सायकलसारखी वागते. माझी तशी नाही. बसून कुठे जायचं असेल तर ही घेऊ नका, मैदानापर्यंत मी हातात धरून नेते.

आता ब्रेक. ट्रायल्समध्ये मागच्या चाकावर उभं राहून जागच्या जागी उड्या मारायच्या असतात (बॅक हॉप म्हणतात) आणि तेव्हा मागचं चाक ठार लॉक लागतं, जरा जरी सरकलं तरी सायकल पुढे निसटते आणि आपण मागे पाठीवर. माझ्या सायकलला मागे हायड्रॉलिक रिम ब्रेक (तेलाच्या दाबाने पॅड थेट रिमवर दाबणारा) आहे पण रिम अगदी गुळगुळीत आली होती. मला वाटायचं माझाच तोल कच्चा आहे, रोज तासभर तेच करत बसायचे आणि रोज घाबरून पुढचं चाक खाली टाकायचे. मग बरीच वर्षं चालवणाऱ्या एकाने सायकल हातात घेतली आणि म्हणाला, भिंतीला हात लाव, क्रँक (पेडलचे दांडे) आडवे कर, एका बोटाने मागचा ब्रेक दाब आणि पुढच्या पेडलवर पूर्ण वजन टाक. टाकलं तर चाक सरळ फिरलं! म्हणजे इतके दिवस सायकल मला धरतच नव्हती. ही टेस्ट सायकल हातात आल्याच्या पहिल्या दिवशी करा, दोन मिनिटं लागतात.

त्यावर उपाय म्हणजे रिम ग्राइंड करणे. अँगल ग्राइंडरने रिमच्या दोन्ही बाजूंना आडवे बारीक ओरखडे मारायचे म्हणजे पॅड त्यात रुततं. ऐकायला रानटी वाटतं पण रिम ब्रेकवाले ट्रायल्स रायडर सर्रास करतात. टायर-ट्यूब काढूनच करा, डोळ्यांवर गॉगल घाला आणि हात हलका ठेवा, रिम अ‍ॅल्युमिनियमची आहे, एकाच जागी दाबून धरलं तर भिंत पातळ होते. सोबत आलेली पॅड खरखरीत रिमवर पंधरा दिवसांत झिजून गेली, ग्राइंड केलेल्या रिमसाठी वेगळी पॅड मिळतात ती लावल्यावर मग जे काही झालं ते सांगता येत नाही, एक बोट लावलं की चाक खिळा ठोकल्यासारखं थांबतं. आवाज मात्र होतो, करकर असा, लांबून ऐकू येतो. ओरखडे हळूहळू बुजतात, परत मारावे लागतात. पॅड रिमला सपाट टेकतात का आणि दोन्ही बाजूंनी एकदमच लागतात का तेही बघा, माझं डावं पॅड वरच्या कडेनेच टेकत होतं. लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखा लागला तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड करून (म्हणजे ती हवा काढून) घ्या. हा सगळा व्याप नको असेल तर मागे डिस्क असलेलं मॉडेल बघा, ओल्यातही नीट चालतं आणि ग्राइंडर लागत नाही, मला स्वतःला रिम ब्रेकची ती एकदम धरण्याची तऱ्हा जास्त आवडते, पण आज कुणी नवीन विचारलं तर मी डिस्कच सांगेन.

लिव्हरची जागा पण कंपनीकडून चुकीची आली होती, अगदी ग्रिपला चिकटवून. त्या आत सरकवायच्या, इतक्या की तर्जनी लिव्हरच्या टोकावर पडेल, म्हणजे एकाच बोटात पूर्ण जोर मिळतो आणि बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी.

टायर दगडासारखे फुगवून आले होते. मागे जाड टायर आहे, माझं वजन ६०-६२ किलो, मी आता मागे १८ पीएसआय आणि पुढे २२ च्या आसपास ठेवते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण कमी हवेने चाक उसळत नाही आणि कडेला चिकटून बसतं. अगदीच कमी केली तर कडेवर आपटल्यावर ट्यूब चिमटून पंक्चर होते, माझी दोनदा झाली, आणि ट्यूब टायरच्या आत सरकून व्हॉल्व्ह तिरका होतो, तो दिसला की हवा सोडून ट्यूब सरळ करून घ्या नाहीतर मुळाशी फाटते.

गिअर पुढे १८ दाती आणि मागे १२, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरपेक्षा थोडी कमी जाते. फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) मागे नसून पुढे क्रँकवर आहे कारण मागे एवढ्या छोट्या चक्रात ते मावत नाही, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय थांबवले तरी चेन फिरतच राहते, पँट आणि बोटं लांब ठेवा. माझ्यात फ्रीव्हील ७२ क्लिकचं आहे, एका फेरीत ७२ जागी पकडणारं, म्हणजे पेडल दाबल्यावर जास्तीत जास्त ५ अंश रिकामे जातात. १०८ वालं मिळतं पण शिकताना हा फरक मला जाणवला नाही, पैसे पॅडवर घाला. चेन मात्र आठवड्याला बघा. ट्रायल्समध्ये सगळं वजन एका झटक्यात पेडलवर येतं आणि चेन तुटली तर गुडघा किंवा तोंड थेट हँडलवर. माझी ढिली आली होती, मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही टेन्शनर सारखे फिरवून ताणली, एकीकडे जास्त फिरलं तर चाक तिरकं बसतं.

शिकण्याबद्दल थोडंच, कारण खरं ते चालवूनच कळतं. पहिला महिना फक्त जागेवर उभं राहणं, दोन्ही ब्रेक धरून आणि नंतर सोडून. कुठला पाय पुढे ठेवला की आपोआप बरं वाटतं ते याच काळात समजतं, माझा डावा, आणि तोच कायम पुढे ठेवायचा. मग फुटपाथएवढी कड, मग एक पॅलेट, साधारण १५ सेंटीमीटर. बॅक हॉपमध्ये हात सरळ ठेवायचे आणि ढुंगण मागच्या चाकाच्या वर, मी हात वाकवून सायकल ओढत बसायचे त्यामुळे चार उड्यांत दमायचे. ब्रेक दुरुस्त झाल्यावर त्याच आठवड्यात माझ्या सलग नऊ उड्या झाल्या, त्या दिवशी घरी येऊन झोपच लागेना.

सायकलबरोबर आलेली पेडल मला पटली नाहीत, पकड कमी आहे, पाय सुटला की थेट नडगी, म्हणून दातेरी पेडल आणि शिन गार्ड दोन्ही घेतले, हेल्मेट तर पहिल्या दिवसापासून. क्रँकखालची बॅश प्लेट मात्र उत्तम निघाली, कितीही वेळा दगडावर आपटली तरी फक्त ओरखडे आहेत. फ्रेमला काही झालेलं नाही, वेल्ड दर महिन्याला पुसून बघते.

सध्या दोन पॅलेटमधली अर्ध्या मीटरची फट मागच्या चाकावरून ओलांडायचं चाललंय, दहातून चार वेळा जमतं. पॅडची दुसरी जोडी संपत आलीये, रिम पुढच्या आठवड्यात परत ग्राइंड करणार.