त्रिचीहून मुक्कोंबू आणि कल्लणई, एका दिवसाची गाडी

जानेवारीत तंजावरला जाताना एक दिवस मोकळा मिळाला म्हणून त्रिचीत दिवसभराची गाडी केली. सकाळी पाऊण तास उशिरा आली, आणि हिंदी बोलणारा ड्रायव्हर देतो म्हणालेले तोही नाही दिला, त्याचा अर्धा मार्क कापलाय. पण जे अण्णा आले त्यांच्यामुळे पाचपैकी साडेचार, मनापासून.

मुक्कोंबू 18 किमीवर. इथे कावेरीतून कोल्लिडम ही तिची शाखा फुटते, दोघींच्या मधल्या बेटावर श्रीरंगम. कावेरीत पाणी होतं आणि कोल्लिडमचं हे भलंमोठं पात्र जवळपास नुसती वाळू, मला वाटलं नदी आटलीच. अण्णा मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, ही रिकामी आहे म्हणून आमचं भात उभं आहे. कोल्लिडम जास्त रुंद आणि सखल, वरून पूर आला की जादा पाणी इकडे सोडतात, ते सरळ समुद्राला जातं, तंजावरकडची शेतं बुडत नाहीत. पण सखल असल्यामुळे एरवीचं पाणीही तीच ओढून न्यायची आणि कावेरी कोरडी पडायची, म्हणून 1836 मध्ये आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनियरनी कोल्लिडमच्या तोंडावर बंधारा घातला. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुरात त्या जुन्या बंधाऱ्याचे 45 पैकी 9 दरवाजे वाहून गेले, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांना धास्ती होती ती कावेरीला पाणी कमी पडायची! आता खालच्या अंगाला नवीन बंधारा झालाय.

पुढे कल्लणई, करिकाल चोळाचा बंधारा, जवळपास 2000 वर्षं जुना मानतात. इथूनही कावेरी, वेन्नार नदी आणि कालव्याला पाणी वाटून उरलेलं कोल्लिडमला जातं. अण्णांनी घाई अजिबात केली नाही, एकेका दरवाजापाशी थांबून कुठलं पाणी कुठे जातं ते हाताने दाखवलं.

मी सांगलीची, 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाण्याच्या पातळीकडे डोळे लावून रात्री काढल्यात, आमच्या कृष्णेला असा फाटा नाही, त्यामुळे त्या वाळूकडे बघताना खरंच भरून आलं.

पाणी, शेती यात रस असेल तर ही गाडी जरूर करा, नुसती देवळं करायची असतील तर गरज नाही. डोक्याला टोपी घ्या, पात्रात सावली नाही. वर कावेरीवरचं मेट्टूर धरण भरल्याची बातमी आली की मी परत जाणार आहे, अण्णांचा नंबर घेऊन ठेवलाय.