‘काम हार्म’ ॲप: लाट ओसरेपर्यंतचा वेळ

इंग्रजी ‘Calm’चा उच्चार ‘काम’, अर्थ शांत. ब्रिटनमध्ये किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘स्टेम-फोर’ या संस्थेचं हे मोफत ॲप, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी आवरायला मदत करणारं. ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉ. निहारा क्राऊझ यांनी तयार केलं आहे. पाया डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी), म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीचा. मजकूर इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या मुलासोबत पहिल्यांदा कुणीतरी बसावं लागेल.

स्वतःला इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते, एवढ्याच गोष्टीवर ॲप उभं आहे. आधी पासकोड ठेवायचा. मग मन रमवणं, दिलासा, व्यक्त होणं, मोकळं होणं, श्वास अशा गटांतून एक निवडायचा, 5 किंवा 15 मिनिटांचं घड्याळ लावायचं आणि समोर येईल ती कृती करायची. वेळ संपली की ऊर्मी किती उरली ते नोंदवायचं, उरली असेल तर पुन्हा लावायचं. सुरुवात 5 मिनिटांनी करावी. भरात आलेल्या मुलाला 15 मिनिटं डोंगराएवढी वाटतात आणि ॲप बंद होतं.

गटांची निवड मात्र डोळे झाकून करू नये, कारण इथे वेदनेच्या जाणिवेचा प्रश्न येतो. प्रयोगशाळेत थंडी, उष्णता किंवा दाब देऊन दोन गोष्टी मोजतात: दुखायला कधी लागलं, आणि किती वेळ सोसलं. स्वतःला इजा करणाऱ्यांमध्ये ही दोन्ही मापं इतरांपेक्षा सरासरीने जास्त दिसतात. आधीपासून तशी असतात की इजेच्या सवयीने वाढतात, हे एकाच वेळी केलेल्या मोजमापातून सुटत नाही. पण सोसण्याशी स्वतःबद्दलच्या तिटकाऱ्याचा संबंध आहे, हे हार्वर्डच्या जिल हूली यांच्या कामातून पुढे आलं. ‘मी वाईट, मला शिक्षाच हवी’ असं मानणारा जास्त वेळ सोसतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वतःच्या चांगल्या गुणांकडे लक्ष वळवणाऱ्या छोट्याशा संवादानंतर सोसण्याचा काळ कमी झाला.

म्हणून आमची पसंती ‘दिलासा’ आणि ‘व्यक्त होणं’ या गटांना. ‘मोकळं होणं’ मध्ये इजेऐवजी करायच्या कृती असतात. तो गट समुपदेशकासोबत पाहूनच वापरावा. एका वेदनेच्या जागी दुसरी सौम्य वेदना ठेवण्याचा सल्ला (अजूनही दिला जातो) ‘मला दुखायलाच हवं’ ही समजूत तशीच ठेवतो. श्वासाचा गट सगळ्यांत सोपा. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवायचा, बस.

ॲप फसतं ते बहुतेक वेळा घरात. आई-बाबा पासकोड मागतात, नोंदी तपासतात, आणि मूल दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतं. किंवा अगदी वाईट रात्रीच ते पहिल्यांदा उघडलं जातं. शांत दुपारी दोन-तीनदा सराव झालेला असेल तरच ऐन वेळी बोट तिकडे जातं. तिसरी चूक ॲपलाच उपचार समजण्याची. ते वेळ मिळवून देतं, कारण शोधत नाही. पाचपैकी साडेतीन गुण, आणि तेही सोबत समुपदेशन सुरू असेल तर.

ॲपला एक गोष्ट मुळीच कळत नाही: ‘मला काही दुखलंच नाही’ हे वाक्य. पालक त्यावर हुश्श करतात, किंवा नाटक म्हणून सोडून देतात. दुखलं नाही याचा अर्थ जखम किरकोळ असा होत नाही. तिची तपासणी डोळ्यांनी आणि डॉक्टरांकडून व्हावी, मुलाच्या ‘ठीक आहे’ वरून नव्हे. हळूहळू कमी दुखू लागलं असेल, तर ते समुपदेशकाला त्याच आठवड्यात सांगावं. विचारताना ‘का केलंस?’ नको. ‘तेव्हा दुखलं का? आधीपेक्षा कमी?’ असं साधं, आवाज न चढवता विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं. त्याच बैठकीत मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

‘हो’ असं उत्तर आलं तर मुलाला एकटं सोडू नये आणि इजा करता येण्यासारख्या वस्तू हाताशी ठेवू नयेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे. जखम मोठी असेल, रक्त थांबत नसेल किंवा काही पोटात गेल्याची शंका असेल, तर ॲप आणि फोन बाजूला ठेवून थेट रुग्णालय, नाहीतर 112. ॲप ब्रिटिश असल्याने हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आपणच भरून ठेवावे लागतात, आणि तेही मुलाच्या समोर, त्याला सांगून.